खांद्याची मोठी फाट आणि पुढची दहा वर्षे

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात राहतो, वय ६३. घरचे लहानसे कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग, आहे. गेल्या जूनमध्ये शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरलो आणि तोल सावरण्यासाठी उजव्या हाताने पोफळीला धरले. त्या हिसक्यापासून हात खांद्याच्या वर नेताना जीव जातो आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. इतकी वर्षे घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, मीच बांधत आलो, गेल्या चवथीला प्रथमच ती मला बांधता आली नाही. एमआरआयमध्ये खांद्याच्या रोटेटर कफच्या दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) फाटल्याचे, फाट सव्वाचार सेंटिमीटर असल्याचे आणि स्नायूत दुसऱ्या श्रेणीची चरबी शिरल्याचे लिहिले आहे. मला मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.६ आहे. एक डॉक्टर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया लवकर करून घ्या म्हणतात, तर दुसरे म्हणतात की या वयात शिवलेले पुन्हा फाटते, त्यापेक्षा फिजिओथेरपी करा. आमच्या शेजाऱ्यांची हीच शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली. वर्षभराने केलेल्या तपासणीत कंडरा पुन्हा फाटलेली दिसली, पण हात पूर्वीपेक्षा खूप बरा आहे, असे ते सांगतात. मग शस्त्रक्रियेचा उपयोग नेमका कशाला होतो? आणि दहा वर्षांनी माझ्या हाताची स्थिती काय असेल?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण स्वतःच्या खांद्याबद्दल जे लिहिले आहे त्याइतकेच महत्त्वाचे मला शेजाऱ्यांचे उदाहरण वाटले, कारण शिवण उसवूनही हात बरा कसा, या प्रश्नाच्या उत्तरातच आपल्या दोन डॉक्टरांमधल्या मतभेदाचे मूळ आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सन २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील शल्यविशारदांनी एक लहान पण अत्यंत प्रामाणिक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या आणि अतिमोठ्या फाटी असलेल्या १८ रुग्णांच्या कंडरा त्यांनी दुर्बिणीतून पूर्णपणे शिवल्या होत्या. किमान वर्षभर जाऊ दिल्यावर सोनोग्राफी केली, तेव्हा १८ पैकी १७ जणांची कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. शिवणीकडे पाहिले तर हे जवळजवळ पूर्ण अपयश होते. परंतु वेदना आणि रोजची कामे यांवर १०० पैकी जे गुण दिले जातात, ते या रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी ४८ होते आणि वर्षाने ८४ च्या वर गेले. दुसऱ्या वर्षअखेर ते थोडे उतरून ८० च्या आसपास आले. आपल्या शेजाऱ्यांची गोष्ट अपवादात्मक नाही, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

असे का होते, हे समजण्यासाठी खांद्याची रचना थोडी डोळ्यांसमोर आणावी लागेल. भुजेच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या हाडावरची खोबणी उथळ असल्यामुळे हा सांधा हाडांच्या आधारावर उभाच नाही. चार स्नायूंच्या कंडरा गोळ्याला पुढून, वरून आणि मागून वेढून खोबणीत दाबून धरतात, आणि या वेढ्यालाच रोटेटर कफ म्हणतात. हात प्रत्यक्ष उचलण्याचे मोठे काम बाहेरचा जाड डेल्टॉइड स्नायू करतो, पण गोळा जागेवर दाबून धरलेला नसेल तर डेल्टॉइडच्या ओढीने हात वर जाण्याऐवजी गोळाच वर सरकून सांध्यावरच्या छतासारख्या हाडावर घासू लागतो. यात निर्णायक असतो तो पुढच्या आणि मागच्या कंडरांचा तोल. वरची कंडरा फाटलेली असली तरी पुढची आणि मागची आपापल्या बाजूने सारख्या ताकदीने ओढत राहिल्या, तर गोळा जागेवर राहतो आणि हात वर जातो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांच्या खांद्यात फाट असूनही त्यांना तिचा पत्ता नसतो, याचे कारण हेच.

शस्त्रक्रियेत शिवलेली कंडरा पुढे वरच्या बाजूला पुन्हा उघडली, तरी मागचा काही भाग हाडाला चिकटून राहिलेला असू शकतो, त्यामुळे नवी फाट जुन्या फाटीपेक्षा लहान असते आणि तोल बऱ्यापैकी सावरलेला असतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी सुजलेला मऊ पडदा साफ केला जातो, आणि दंडाच्या बायसेप्स स्नायूची सांध्यातून जाणारी, झिजून दुखणारी कंडरा बहुतेकदा तिथून सोडवली जाते. रात्रीच्या वेदनेचा मोठा वाटा या दोन गोष्टींचा असतो आणि त्या गेल्या की शिवण टिको वा न टिको, माणूस झोपू लागतो. त्यानंतर जी महिनोन्महिने फिजिओथेरपी होते तिचे श्रेयही यात आहे.

आता दहा वर्षांचा प्रश्न. झुरिकच्या एका गटाने अतिमोठ्या फाटी शिवलेल्या रुग्णांचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून नव्हे, उघड्या पद्धतीने केलेल्या होत्या. परंतु कंडरा हाडाला चिकटते ती शरीराच्या स्वतःच्या प्रक्रियेने, छेद लहान की मोठा यावर ते ठरत नाही. ब्रिटनमध्ये या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी रुग्णांच्या स्थितीत फरक आढळला नाही. दुर्बिणीचा खरा फायदा म्हणजे डेल्टॉइड स्नायू कापावा लागत नाही आणि सांध्याचे सर्व कोपरे नीट पाहता येतात. झुरिकच्या रुग्णांमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ३७ टक्के शिवणी पुन्हा फाटलेल्या होत्या, दहाव्या वर्षाच्या सुमारास ते प्रमाण ५७ टक्के झाले. स्नायूंतली चरबीही हळूहळू वाढत गेली. तरीही वेदनेपासून मिळालेला आराम आणि हाताचा वापर दहा वर्षांनंतरही टिकून होता. ज्यांची शिवण अखंड राहिली त्यांचे निकाल मात्र, विशेषतः ताकदीच्या बाबतीत, उघड वरचढ होते.

आपण एकच प्रश्न विचारला आहे, पण माझ्या मते त्याचे दोन प्रश्न करायला हवेत. वेदना आणि झोप यांच्यापुरते पाहिले तर चांगल्या निकालाची शक्यता मोठी आहे आणि ती शिवण टिकण्यावर फारशी अवलंबून नाही. ताकद मात्र, म्हणजे नारळांची पाटी उचलून वर ठेवणे किंवा हात डोक्याच्या वर धरून दहा मिनिटे काम करणे, हे कंडरा हाडाला खरोखर जुळली तरच परत येते. आपले पहिले डॉक्टर बहुधा ताकदीचा विचार करून बोलत आहेत आणि दुसरे शिवणीचा. दोघांपैकी कोणीही आपल्याला चुकीचे सांगितलेले नाही.

दुसऱ्या डॉक्टरांच्या बोलण्याला आधार आहे. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, २००५ मध्ये, केवळ वरची कंडरा फाटलेल्या ६५ रुग्णांवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. एकूण ७१ टक्के कंडरा पूर्ण जुळल्या, पण ६५ वर्षांवरील रुग्णांमध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. फिनलंडमध्ये पंचावन्नच्या पुढच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत लहान, अपघाताविना झालेल्या फाटींसाठी एकटी फिजिओथेरपी शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली. परंतु या चाचणीचा दाखला देऊन आपल्याला कोणी शस्त्रक्रियेपासून परावृत्त करत असेल, तर ते बरोबर नाही, कारण आपली फाट लहान नाही, एका कंडरेची नाही आणि आपोआप झालेली नाही. नॉर्वेतल्या चाचणीत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या फाटी होत्या आणि तिथेही दहा वर्षांनी शस्त्रक्रिया केलेल्यांचे गुण सुमारे दहा अंकांनी पुढे होते. फिजिओथेरपीच्या गटातील ५१ पैकी १४ जणांना त्या दहा वर्षांत कधी ना कधी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

आपल्या अहवालातला सर्वांत मोलाचा शब्द 'सव्वाचार सेंटिमीटर' हा नाही. तो आहे 'दुसरी श्रेणी'. कंडरा तुटली की तिला जोडलेला स्नायू रिकामा पडतो, आखडतो आणि त्याच्या तंतूंमध्ये चरबी शिरू लागते. फ्रेंच शल्यविशारद गुतालिए यांनी १९९४ मध्ये तिच्या शून्यापासून चारपर्यंत श्रेणी सांगितल्या. पहिल्या श्रेणीत चरबीच्या काही रेषा दिसतात, दुसऱ्या श्रेणीत चरबी लक्षणीय असते पण स्नायू अजून जास्त असतो, तिसरीत दोन्ही समान होतात आणि चौथीत चरबीच अधिक असते. ही प्रक्रिया पुढे जाते, मागे येत नाही. कंडरा उत्तम शिवली तरी शिरलेली चरबी परत स्नायू होत नाही. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत शिवलेल्या कंडरा टिकण्याचे प्रमाण इतके घसरते की त्या रुग्णांना मी शिवणीचा आग्रह धरत नाही. दुर्बिणीच्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. ताज्या फाटीची कड पांढरी, चमकदार आणि जाड असते, चिमट्याने धरून ओढली की हाडापर्यंत सहज येते. जुन्या फाटीची कड पावसात भिजून कुजलेल्या सुंभासारखी, पिवळट आणि विरलेली असते, दोरा घातला की तो कंडरेला कापत बाहेर येतो, आणि ओढली तरी ती निम्म्या वाटेवर थांबते.

आपण आज दुसऱ्या श्रेणीवर उभे आहात आणि घसरल्याला दहा महिने झाले आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की शस्त्रक्रियेचा निर्णय आपण येत्या दोन-तीन महिन्यांत घ्यावा आणि 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणू नये. वय ६३, हाताने काम करण्याची सवय, हिसक्याने झालेली फाट आणि दुसरी श्रेणी या चारही गोष्टी शिवणीच्या बाजूने बोलतात. अर्थात मी आपला खांदा तपासलेला नाही, त्यामुळे या मताला दोन अटी आहेत. उभे राहून काढलेल्या साध्या एक्स-रेत हाडाचा गोळा आणि त्यावरचे छत यांच्यातले अंतर सात मिलिमीटरपेक्षा कमी नसावे, कारण ते कमी झाले असेल तर गोळा वर सरकलेला आहे आणि शिवण टिकणे अवघड आहे. दुसरी अट पुढच्या आणि मागच्या कंडरांची. तळहात पोटावर ठेवून कोपर पुढे आणावे आणि पोट दाबून पाहावे. कोपर मागे न जाता दाब देता आला, तर पुढची कंडरा बहुधा शाबूत आहे. कोपर बरगडीला टेकवून, काटकोनात वाकवलेला हात दुसऱ्या कोणी बाहेरच्या बाजूला वळवून सोडून द्यावा. तो तिथेच न थांबता झटकन पोटाकडे परत आला, तर मागची कंडरा फार मोठ्या प्रमाणात गेलेली आहे. हे घरी करून पाहिलेत तरी निष्कर्ष मात्र आपल्या शल्यविशारदांनाच काढू द्यावा.

आपल्या प्रकृतीतली जी गोष्ट मला खरोखर चिंतेची वाटते ती फाट नव्हे, साखर आहे. एचबीए१सी ८.६ असताना कंडरा जुळण्याची शक्यता घटते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि नंतर खांदा आखडण्याची शक्यताही मधुमेही रुग्णांत अधिक असते. आठ आठवडे नेटाने पथ्य, चालणे आणि आवश्यक ती औषधे यांच्या साहाय्याने हा आकडा आठच्या खाली, शक्य तर साडेसातपर्यंत आणावा, आणि मगच तारीख घ्यावी. तंबाखू किंवा विडीची सवय असेल तर ती आजच थांबवावी. दरम्यान दुखते म्हणून खांद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये, कारण शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्याभरात घेतलेले इंजेक्शन संसर्गाचा धोका वाढवते, आणि वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांनी कंडराही कमकुवत होते.

हे आठ आठवडे फिजिओथेरपीसाठीही वापरावेत. पाठीवर निजून, कोपर वाकवून, हात हळूहळू छताच्या दिशेने उचलायचा आणि तिथेच लहान वर्तुळे काढायची. ते सोपे झाले की हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरायची, आणि मग पाठीखाली उशा वाढवत जाऊन शेवटी बसून तेच करायचे. डेल्टॉइडच्या पुढच्या भागाला अशी शिकवण मिळाली की काही रुग्णांचा हात शस्त्रक्रियेविना डोक्यावर जाऊ लागतो. आपला गेला, वेदना सरली आणि ताकदीची उणीव आपल्याला चालण्यासारखी वाटली, तर शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णयही सुज्ञपणाचा ठरेल. त्या स्थितीत फाट वाढत नाही ना हे पाहण्यासाठी वर्षातून एकदा सोनोग्राफी करून घ्यावी.

शस्त्रक्रिया ठरली तर पुढच्या सहा महिन्यांचा हिशेब आधीच घरच्यांसमोर मांडावा. हाडात लहान अँकर (दोरे अडकवलेल्या खुंट्या) बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा बांधली जाते, पण दोरे केवळ तिला जागेवर धरून ठेवतात. खरी जुळणी व्हायला तीन महिने तरी लागतात, आणि पुन्हा फाटणाऱ्या शिवणींपैकी बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फाटतात. मोठ्या फाटीनंतर सहा आठवडे हात झोळीत असतो, रात्रीसुद्धा, आणि बरेच जण त्या काळात आरामखुर्चीत किंवा पाठीला उशा लावून झोपतात. बॉस्टनच्या कॉडमन यांनी १९११ मध्ये या कंडरा शिवल्याच्या आपल्या पहिल्या शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा लोलकाचा व्यायाम, म्हणजे पुढे वाकून हात सैल लोंबता ठेवून हलकेच झुलवणे, आजही सुरुवातीच्या व्यायामांमध्ये आहे. स्वतःच्या ताकदीने हात उचलणे सहा आठवड्यांनंतर, वजन घेऊन व्यायाम तीन महिन्यांनंतर, आणि कुळागरातली जड कामे सहा महिन्यांच्या आधी नाहीत. दुचाकी किमान तीन महिने बंद.

धोका दुखत असताना फारसा नसतो, तो दुखणे थांबल्यावर येतो. माझ्या एका रुग्णाचे दहा आठवडे उत्तम गेले होते. अकराव्या आठवड्यात ते उभ्याने बसप्रवास करत असताना चालकाने अचानक ब्रेक लावला, आणि सवयीने शस्त्रक्रिया झालेलाच हात वरच्या दांडीकडे गेला. त्यांना त्या क्षणी काही विशेष दुखले नाही, महिन्याभराने ताकद कमी वाटली म्हणून तपासले तेव्हा शिवण अर्धी सुटलेली होती. आपली शस्त्रक्रिया पावसाळ्याच्या तोंडावर होईल, म्हणून सांगतो : कुळागरातल्या त्या पायऱ्यांवरचे शेवाळ आधी खरवडून घ्या, आणि झोळी असेपर्यंत पावसात तिकडे उतरू नका.

शिवण टिकली नाही आणि पुढे सात-आठ वर्षांनी खांदा पुन्हा त्रास देऊ लागला, तरी मार्ग बंद होत नाही. फ्रान्समधल्या दिजाँचे ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये उलट्या रचनेचा कृत्रिम खांदा आणला. त्यात गोळा खोबणीच्या जागी आणि खोबणी गोळ्याच्या जागी बसवतात, त्यामुळे कफ नसतानाही डेल्टॉइड एकट्याने हात वर नेऊ शकतो. तो साधारणपणे सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांसाठी राखून ठेवला जातो. आज, आपल्या वयात आणि आपल्या श्रेणीत, कोणी थेट तोच सुचवला तर दुसरे मत अवश्य घ्यावे. सांध्यात विरघळणारा फुगा बसवण्याचा उपाय कोणी सुचवला तर त्यालाही मी नको म्हणेन. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत न शिवता येणाऱ्या फाटींसाठी फुगा बसवलेल्यांची स्थिती केवळ साफसफाई केलेल्यांपेक्षा वाईट निघाली.

खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. आपल्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल, तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. खांद्याची ही शस्त्रक्रिया त्या यादीत कोणत्या नावाने येते, आणि अँकरचा खर्च त्यात धरलेला आहे की वेगळा, हे भरती होण्याआधी लेखी विचारून घ्यावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात दुसरे मत घेण्यासाठी जाणार असाल, तर एमआरआयचा केवळ कागद न नेता सीडी न्यावी, कारण चरबीची श्रेणी डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे. अहवाल लिहिणाऱ्यांमध्ये दुसरी आणि तिसरी श्रेणी ठरवताना अनेकदा मतभेद होतात आणि आपला सारा निर्णय याच दोन श्रेणींमधल्या रेषेवर उभा आहे. त्यांना हेही विचारावे की आत गेल्यावर कंडरा हाडापर्यंत पोहोचली नाही तर ते काय करतील. 'जेवढी पोहोचेल तेवढी शिवून पुढचा-मागचा तोल साधू' असे उत्तर मिळाले, तर आपण योग्य हातांत आहात.

यंदाच्या चवथीची माटोळी आपल्या मुलाने किंवा पुतण्याने बांधावी आणि आपण खाली बसून कोणते फळ कुठे ते सांगावे, कारण शस्त्रक्रिया झाली असली तर तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झालेले असतील. पुढच्या वर्षी मात्र आपल्याला हात लावायला माझी हरकत राहणार नाही. त्या वेळी चौकट छताला टांगून मग एकेक फळ वर बांधण्याऐवजी, ती कमरेच्या उंचीवर दोन खुर्च्यांवर ठेवून तोरिंगणे, कवंडळे, सुपारीची शिपटी आणि आंब्याचे टाळे खालीच बांधून घ्यावेत, आणि नारळाची जड पेंड चौकटीला बांधल्यावर ती वर चढवण्याचे काम दोन तरुण हातांना द्यावे.